काजवा दिसतो का तुमच्या टीव्हीत?

टीव्हीच्या दुकानात शिरलं की समोरच्या अख्ख्या भिंतीवर टीव्हीच टीव्ही. सगळ्यांवर एकच चित्रफीत चालू असते: लालभडक पोपट, निळाशार समुद्र, कापलेल्या फळांवरून ओघळणारं पाणी. बाबा म्हणतात, "हा बघा, कसला भारी दिसतोय!" आई म्हणते, "त्यापेक्षा तो कोपऱ्यातला बरा." दादा किमतीच्या चिठ्ठ्या वाचत फिरतो. आणि दुकानदारकाका जो सगळ्यांत जास्त झगमगतोय त्याच्याकडे हात करतात. बहुतेक वेळा तोच घरी येतो.

आता गंमत ऐका. ती झगमग बऱ्याचदा टीव्हीची नसते, दुकानाची असते! टीव्हीत ‘स्टोअर मोड’ किंवा ‘डेमो मोड’ नावाची एक सोय असते. ती चालू केली की उजेड आणि रंग दोन्ही पार टोकाला जातात. दुकानात दिव्यांचा लखलखाट असतो, त्यात साधा टीव्ही फिका पडेल म्हणून ही युक्ती. शिवाय आपला डोळाही जरा फसतो. दोन गोष्टी शेजारी-शेजारी ठेवल्या, की जी जास्त उजळ तिलाच तो आधी कौल देतो. घरी आणल्यावर मात्र तोच टीव्ही रात्री डोळ्यांत खुपतो आणि बातम्या सांगणाऱ्या ताईंचे गाल उगाचच लालेलाल दिसतात.

मग टीव्ही पारखायचा कसा? मोठ्या प्रयोगशाळांत त्यासाठी उजेड मोजायची, रंग मोजायची यंत्रं असतात. आपल्याकडे ती नाहीत. पण आपण अहिल्यानगर जिल्ह्यात राहतो (आजी अजून नगरच म्हणते, आणि बोलताना मीही), आणि टीव्हीला घाम फोडतील अशा कितीतरी गोष्टी या जिल्ह्यात आहेत. त्या आपण स्वतःच्या डोळ्यांनी पाहिलेल्या आहेत, हे सगळ्यांत महत्त्वाचं. दुकानातल्या पडद्यावरचा तो पोपट खरोखर किती लाल होता, समुद्र किती निळा होता, आपल्याला काय माहीत! पण कांदा कसा दिसतो आणि ज्वारीची भाकरी किती पांढरी असते, हे नगरच्या पोराला कुणी शिकवावं लागत नाही.

तर पहिली परीक्षा काजव्यांची.

मे महिना संपत येतो, वळवाच्या सरी पडून जातात, आणि अकोले तालुक्यात भंडारदऱ्याच्या आसपासच्या झाडांवर काजवे उतरतात. हिरडा, बेहडा, सादडा, जांभूळ, झाडच्या झाड लुकलुकायला लागतं. प्रवरा नदीवरचं तिथलं धरण १९२६ साली पुरं झालं. काजवे अर्थात त्याच्याही कितीतरी आधीपासून तिथं आहेत. हिरवट-पिवळा, जवळजवळ थंड असा हा उजेड. जोडीदाराला "मी इथं आहे" असं सांगण्यासाठी. (बघायला गेलात तर बॅटरी आणि मोबाइलचा फ्लॅश बंद ठेवा हं. आपल्या उजेडात त्यांचं बोलणंच बुडून जातं.)

अशा काजव्यांची चित्रफीत मिळवा. फोटो नको, कारण काजव्यांचे फोटो पुष्कळदा अनेक फोटो एकावर एक चढवून केलेले असतात. रात्री खोलीतले सगळे दिवे घालवा, डोळ्यांना अंधाराची सवय होऊ द्या आणि मग ती टीव्हीवर लावा. आता काजव्यांकडे बघूच नका. दोन काजव्यांच्या मधला अंधार बघा. तो काळा आहे का? नीट बघा. पुष्कळ टीव्हींवर तो काळा नसतोच! राखाडी असतो, नाहीतर निळसर. पडद्याच्या कोपऱ्यांत तर कधीकधी धुरकट उजेडाचे ढग दिसतात. भंडारदऱ्यातला कुट्ट अंधार गेला कुठं?

त्यासाठी पडद्याच्या पोटात शिरावं लागेल.

एलसीडी टीव्हीचा पडदा स्वतः उजेड देतच नाही. उजेड देणारे एलईडी दिवे मागच्या बाजूला किंवा कडेला बसवलेले असतात. खोक्यावर मोठ्या अक्षरांत ‘एलईडी टीव्ही’ छापलेलं असतं ना? त्यातला एलईडी म्हणजे फक्त मागचा दिवा. चित्र काढणारा आत बसलाय तो एलसीडीच. (‘ओएलईडी’ नावाचे टीव्ही मात्र खरंच वेगळे. त्यांचा ठिपकान् ठिपका स्वतः पेटतो आणि स्वतः विझतो.) तर हे मागचे दिवे सतत चालू. पुढचा पडदा करतो काय, तर जिथं उजेड हवा तिथं वाट देतो आणि जिथं नको तिथं अडवतो. चित्र म्हणजे सगळा अडवाअडवीचा खेळ!

आणि ही अडवाअडवी मोठी हुशारीची आहे. समजा, तुम्ही एका खिडकीशी उभे आहात आणि तिचे गज उभे आहेत. तुमच्या हातात पाटी आहे. पाटी उभी धरली तर गजांमधून सरकेल, आडवी धरली तर अडकेल. आता त्या खिडकीच्या पलीकडं दुसरी खिडकी आहे, आणि तिचे गज आडवे. पहिलीतून उभी गेलेली पाटी दुसरीत अडकणारच. पण दोन खिडक्यांच्या मधे कुणीतरी उभं राहून ती पाटी अलगद आडवी करून दिली तर? जाईल की पार! टीव्हीच्या पडद्यात पुढं-मागं अशाच दोन जाळ्या असतात, फक्त त्या उजेडासाठी असतात. त्यांना पोलरायझर म्हणतात. आणि मधे उभं राहून उजेडाला वळवणारं जे कुणी असतं, ते म्हणजे द्रव स्फटिक. त्याचा थर केसाच्या जाडीहूनही कितीतरी पातळ असतो. त्याला विजेचा इशारा मिळाला की तो आपली ठेवण बदलतो. कुठं उजेड पार होतो, कुठं अडतो, कुठं अर्धामुर्धाच जातो.

द्रव आणि स्फटिक, दोन्ही एकदम? हा प्रश्न १८८८ साली प्रागमध्ये फ्रिड्रिख रायनिट्झर यांनाही पडला होता. ते होते वनस्पतिशास्त्रज्ञ, आणि काम करत होते गाजरातून मिळवलेल्या एका पदार्थावर. तो तापवला तर १४५.५ अंशांना वितळला, पण पातळ झाला तरी गढूळच. आणखी तापवला तर १७८.५ अंशांना एकदम नितळ. एका पदार्थाला वितळायला दोन-दोन तापमानं! त्यांनी तो जर्मनीत ओट्टो लेमान यांच्याकडे पाठवला. लेमान यांनी सूक्ष्मदर्शकातून पाहिलं तर तो गढूळ द्रव वाहत होता आणि तरी त्यात स्फटिकासारखी शिस्त होती.

पण १४५ अंश तापणारा टीव्ही घरात कोण ठेवणार? साध्या हवेत शिस्त पाळणारा टिकाऊ द्रव स्फटिक इंग्लंडमधल्या हल विद्यापीठात जॉर्ज ग्रे यांच्या गटानं १९७० नंतरच्या वर्षांत तयार केला. तोसुद्धा एकटा वापरला तर सुमारे ३५ अंशांना शिस्त सोडून देतो आणि साधा द्रव होऊन जातो. आता सांगा, नगरचा एप्रिल-मे! पारा चाळिशी ओलांडतो. तो टीव्ही दुपारी बारालाच गार पडला असता. म्हणून पडद्यात एकटा पदार्थ कधीच नसतो, अनेकांचं मिश्रण असतं. ते थंडीत गोठत नाही आणि उन्हाळ्यात बिघडत नाही.

आता काजव्यांकडे परत. अडवणारा कितीही तरबेज असला तरी शंभर टक्के उजेड अडत नाही. थोडा पाझरतोच. आणि मागचे दिवे तर चालूच! म्हणून अंधार राखाडी दिसतो. टीव्ही पारखणारे लोक यासाठी एक आकडा सांगतात: पडद्याचा सगळ्यांत पांढरा भाग त्याच्या सगळ्यांत काळ्या भागाच्या किती पट उजळ. त्याला कॉन्ट्रास्ट म्हणतात. ‘आयपीएस’ जातीच्या पडद्यांत तो साधारण हजार पट भरतो, ‘व्हीए’ जातीच्या पडद्यांत तीन हजार किंवा त्याच्याही पुढं. खोक्यावर कधीकधी लाखांतले आकडे छापलेले असतात. त्यांच्याकडे खुशाल दुर्लक्ष करा. मागचे दिवे मंद-प्रखर करून मोजलेले असतात ते. एकाच चित्रात शेजारी-शेजारी मोजलेले नव्हेत.

महागड्या टीव्हींत यावर एक तोड काढलेली असते. मागच्या दिव्यांचे वेगवेगळे गट करतात. चित्राच्या ज्या भागात अंधार असेल तिथला गट मंद करायचा. छान वाटतं ऐकायला. पण काजवा लबाड निघतो! एवढासा ठिपका, आणि त्याच्या मागचा दिव्यांचा गट मात्र तळहाताएवढा. गट पेटवला तर काजव्याभोवती दुधाळ वलय उमटतं. विझवला तर वलयाबरोबर काजवाही जातो. मग टीव्ही मधला मार्ग काढतो आणि काजवे मिणमिणते दाखवतो. तुमच्या टीव्हीनं काय केलं? वलय, मिणमिण, की राखाडी अंधार? उत्तर एका मिनिटात मिळेल. म्हणून माझं मत विचाराल तर पोपट राहू द्या बाजूला, आधी काजवे लावा.

एक मात्र कबूल करायला हवं. तुमचा टीव्ही दिवसाउजेडी दार-खिडक्या उघड्या असलेल्या ओसरीत चालणार असेल, तर ही परीक्षा तितकी कडक घेऊ नका. बाहेरचा उजेडच पडद्यावर पडून काळ्याचं राखाडी करून टाकतो. तिथं झळाळी जास्त आणि काचेत समोरच्या खिडकीचं प्रतिबिंब कमी, एवढं पाहिलं तरी पुरे.

बरं, हे उभ्या-आडव्या जाळ्यांचं खरं कशावरून? घरात आकडे दाखवणारा साधा कॅल्क्युलेटर आणि कुणाचा तरी पोलराइझ्ड गॉगल असेल तर काढा. गॉगलच्या काचेतून कॅल्क्युलेटरच्या आकड्यांकडे बघत गॉगल हळूहळू फिरवा. एका ठिकाणी सगळी पट्टी काळीठिक्कर! आणखी फिरवा, पुन्हा उजेड. तुमचा गॉगल ही तिसरी खिडकी झाली. आता कॉम्प्युटरच्या एलसीडी पडद्यावर नुसता पांढरा रंग आणा, त्याच्यासमोर कंपासपेटीतली पारदर्शक प्लास्टिकची पट्टी धरा आणि गॉगलमधून बघा. पट्टीत इंद्रधनुष्याचे पट्टे! कारखान्यात गरम प्लास्टिक साच्यात ओतून थंड केलं तेव्हा आत जो ताण अडकून राहिला, तो आता रंग होऊन दिसतोय. छिद्रापाशी आणि कोपऱ्यांत रंगांची जास्त गर्दी दिसेल, कारण ताणही तिथंच जास्त.

आणखी एक. मोबाइलच्या पडद्यावर पांढरं पान उघडा आणि बोटाच्या टोकानं पाण्याचा मोहरीएवढा थेंब त्यावर ठेवा. (मोबाइलवरच. टीव्हीवर पाणी उडवलंत तर मी तुम्हाला ओळखत नाही!) थेंबाचं भिंग होतं आणि त्या पांढऱ्यात लाल, हिरवे, निळे कण चमकताना दिसतात. पांढरं तिथं कुठंच नाही. टीव्हीतही हाच खेळ. एका ठिपक्यात तीन खिडक्या: लाल, हिरवी, निळी. फुल एचडी टीव्हीत आडवे १९२० आणि उभे १०८० ठिपके, म्हणजे २० लाख ७३ हजार ६०० ठिपके. गुणिले तीन केलं की झाल्या ६२ लाखांहून जास्त खिडक्या, आणि प्रत्येकीला अर्धामुर्धा उजेड सोडण्याच्या निदान २५६ पायऱ्या. तिघींच्या पायऱ्यांचा गुणाकार करून बघा, रंगांची संख्या दीड कोटीच्या पुढं जाते.

इतके रंग असले तरी एक जागा अशी आहे जिथं टीव्ही हमखास पकडला जातो. कळसूबाईच्या माथ्यावरून, म्हणजे १६४६ मीटरवरून, सूर्य मावळतानाचं आकाश. केशरी रंग वर जाता जाता कधी जांभळा होतो ते खरोखर कळत नाही. साधारण टीव्हीवर मात्र चांगलं कळतं, कारण आकाशात पट्टे पडलेले दिसतात. पण लगेच टीव्हीला बोल लावू नका. इंटरनेटवरून येणारी चित्रफीत दाबून लहान केलेली असते, पट्टे तिच्यातच असू शकतात. मोबाइलनं काढलेला मूळ फोटो पेनड्राइव्हवरून लावा आणि मग ठरवा. निघोजचे रांजणखळगेही बघण्याजोगे. कुकडीच्या पात्रात पाणी आणि गोटे गरगरत राहून काळा खडक कोरला गेलाय. प्रत्येक खळग्यात करड्याच्या किती तऱ्हा आहेत! खळग्याचा तळ टीव्हीवर नुसता काळा डाग झाला असेल तर टीव्ही नापास.

पुढची परीक्षा कर्जत तालुक्यातल्या रेहेकुरीची. तिथलं काळविटांचं अभयारण्य १९८० सालचं, आकारानं अगदी लहान, जेमतेम सव्वादोन चौरस किलोमीटर. काळवीट नर पाहिलाय? पाठ काळीभोर, पोट पांढरंशुभ्र, डोळ्याभोवती पांढरं कडं. उन्हात उभा असेल तर फोटो काढणाऱ्याचीही पंचाईत आणि टीव्हीचीही. उजेड वाढवला तर पोटावरचे केस दिसेनासे होतात, नुसता पांढरा पत्रा उरतो. कमी केला तर पाठीवरची लव गायब. चांगला पडदा दोन्ही दाखवतो.

हेच वारकऱ्यांच्या बाबतीत. निवृत्तिनाथांची पालखी त्र्यंबकेश्वरहून पंढरपूरला जाताना आपल्या जिल्ह्यातून जाते, नगर, मिरजगाव करत. दुपारच्या उन्हात पांढरी धोतरं, पांढऱ्या टोप्या. पडद्यावर धोतराच्या चुण्या दिसतात का बघा. दिसत नसतील तर रिमोट घेऊन ‘कॉन्ट्रास्ट’ थोडा थोडा खाली आणा. बऱ्याचदा चुण्या परत येतात!

पण काळवीट उभा राहतो कुठं? तो पळतो. ताशी ऐंशी किलोमीटरपर्यंत. आणि तिथं एलसीडीची खरी तारांबळ उडते. का ते सांगायला मी काळवीट सोडतो आणि श्रीरामपूरच्या झहीर खानला बोलावतो. त्याचा जन्म श्रीरामपूरचा, १९७८ सालचा. समजा त्यानं ताशी १४० किलोमीटरनं चेंडू टाकला. म्हणजे सेकंदाला जवळजवळ ३९ मीटर. आपल्याकडचं प्रक्षेपण सेकंदाला ५० चित्रांच्या तालावर चालतं. करा भागाकार. एका चित्रातून दुसऱ्या चित्रात जाईपर्यंत चेंडू पाऊण मीटरच्या वर पुढं गेलेला असतो. मधल्या जागेत टीव्हीच्या लेखी चेंडू नव्हताच!

आता तुमचा डोळा काय करतो? तो चेंडूबरोबर सरसर सरकत असतो. पडदा मात्र चेंडूला एका जागी पन्नासांश सेकंद धरून ठेवतो आणि मग एकदम पुढच्या जागी टाकतो. डोळा सरकतोय, चित्र थांबलंय. म्हणून चेंडू डोळ्यात फासला जातो आणि लांबट, पुसट दिसतो. त्यात द्रव स्फटिकांना ठेवण बदलायला काही हजारांश सेकंद लागतात ते वेगळेच. ते संथ असतील तर चेंडूमागं पुसट शेपूट दिसतं. जुन्या खोकेवाल्या टीव्हीत ही अडचण फारशी नव्हती, कारण त्यात ठिपका क्षणभर चमकून विझत असे. चित्र धरून ठेवायचा प्रश्नच नव्हता.

ही परीक्षा घ्यायला सामन्याची वाट बघायला नको. बातम्यांच्या वाहिनीवर खाली जी अक्षरांची पट्टी सरकत असते ना, ती वाचा. जोडाक्षरं सुटी दिसतात की चिखल होतो? ‘श्रीगोंदा’ नीट वाचता आलं तर टीव्ही पास.

यावरही कंपन्यांनी तोड काढलीय. दोन चित्रांच्या मधलं चित्र टीव्ही स्वतःच्या मनानं बनवतो आणि घुसवतो. चेंडू इथं होता, मग तिथं दिसला, तर मधे अमुक ठिकाणी असणार, असा अंदाज. क्रिकेटला हे बरं पडतं. पण अंदाजच तो, चुकतोही. गवतातून पळणाऱ्या काळविटाला क्षणभर पाचवा पाय फुटू शकतो! आणि सिनेमा तर पार बिघडतो. सिनेमा सेकंदाला २४ चित्रांचा असतो, तीच त्याची चाल. मधे भर घातली की चांगला सिनेमाही मालिकेच्या चित्रीकरणासारखा गुळगुळीत दिसायला लागतो. घरी सिनेमा असा विचित्र दिसत असेल तर सेटिंगमध्ये ‘मोशन’ नावाचं जे काही असेल ते बंद करून बघा. मोठ्यांना कारण सांगू नका लगेच. आधी त्यांना फरक ओळखू द्या.

रंगांची परीक्षा सोपी वाटते, पण तीच सगळ्यांत फसवी. राहुरीच्या महात्मा फुले कृषी विद्यापीठानं ‘भगवा’ नावाचं डाळिंबाचं वाण दिलंय. त्याच्या दाण्यांचा लाल रंग मनात आणा. आणला? आता खरं डाळिंब फोडा आणि बघा. मनातलं डाळिंब जरा जास्तच लाल होतं ना? शास्त्रज्ञांनी लोकांवर प्रयोग करून पाहिलंय. ओळखीच्या वस्तूंचे रंग आपण आहेत त्यापेक्षा गडद करूनच लक्षात ठेवतो. टीव्हीवाल्यांना हे चांगलं ठाऊक आहे. म्हणून ते रंग गडद करून ठेवतात आणि आपल्याला वाटतं, वा, किती खरे रंग!

म्हणून टीव्ही बघताना हातात खरी वस्तू हवी. ताटात एक लाल कांदा, एक गावरान कांदा, श्रीगोंद्याचं लिंबू, राहात्याचा पेरू ठेवा. दिवसाच्या उजेडात मोबाइलनं फोटो काढा, टीव्हीवर लावा, शेजारी ताट धरा. लाल कांदा आणि गावरान कांदा यांच्यातला फरक पडद्यावर कळतो का? की दोन्ही नुसते ‘कांदा’ झालेत? पेरूचा हिरवट-पिवळा पोपटी तर झाला नाही? आता तुमच्यातला एखादा चाणाक्ष विचारेल: "पण चूक टीव्हीची कशावरून? मोबाइलनंच रंग बदलला असेल!" शाब्बास. असूच शकतं. म्हणूनच तज्ज्ञ लोक कांद्यावर भरवसा ठेवत नाहीत. ते ठरलेल्या रंगांचे चौकोन पडद्यावर आणतात आणि यंत्रानं मोजतात. पण तोच फोटो दोन टीव्हींवर लावून कोणता ताटाच्या जास्त जवळ आहे हे ठरवायला कुणाची हरकत नाही.

पांढऱ्याचं वेगळंच. टीव्हीच्या मागच्या दिव्यात मूळ उजेड बहुधा निळा असतो. हा निळा एलईडी बनवणं इतकं अवघड होतं की त्याबद्दल इसामु आकासाकी, हिरोशी अमानो आणि शुजी नाकामुरा यांना २०१४ सालचं भौतिकशास्त्राचं नोबेल मिळालं. त्या निळ्यावर दुसऱ्या रंगाची चकाकणारी पूड चढवून पांढरा करतात. ‘व्हिव्हिड’ किंवा ‘डायनॅमिक’ मोडमध्ये हा पांढरा निळसर राहतो, कारण निळसर पांढरं जास्त झळझळीत वाटतं. आजीचं निळीतलं लुगडंही त्याचसाठी असायचं! रिमोटवर ‘सिनेमा’ किंवा ‘मूव्ही’ मोड लावला की पडदा आधी पिवळट, मळका वाटेल. घाई करू नका, पाच-दहा मिनिटं तसंच बघा. डोळा सरावतो. मग भाकरी भाकरीच्या रंगाची दिसते आणि माणसं माणसांच्या रंगाची. त्यानंतर पुन्हा ‘व्हिव्हिड’ लावून बघा, निळा भडका कसा अंगावर येतो ते.

आता बसायची जागा. दुकानात आपण टीव्हीच्या अगदी समोर उभे असतो. घरी समोरची जागा आजोबांची. बाकीचे कुणी दाराशी, कुणी पलंगाच्या कडेला, कुणी जमिनीवर पालथं पडून. म्हणून दुकानातही बाजूला जा, खाली बसा, तिरकं बघा. रंग फिके पडले, चेहरे पांढुरके झाले तर ओळखा, पडदा बहुधा व्हीए जातीचा. आयपीएस तिरकं बघितल्यावरही रंग टिकवतो, पण त्याचा काळा रंग कच्चा. अंधार हवा की बाजूच्यांची सोय हवी, हे घरच्या मंडळींनी मोजून ठरवायचं.

या तिरक्या बघण्यावरच्या इलाजात एक भारतीय धागा आहे. १९७७ साली बंगळुरूच्या रामन संशोधन संस्थेत शिवरामकृष्ण चंद्रशेखर आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी दाखवलं, की द्रव स्फटिक लांबट काडीच्याच आकाराच्या रेणूंचे होतात असं नाही, चपट्या चकतीसारख्या रेणूंचेही होतात. तोवर सगळे काड्यांच्याच मागं होते. पुढं जपानमध्ये या चकत्यांचा पातळ पापुद्रा तयार झाला आणि एलसीडी पडद्यावर चढवला गेला. तिरकं बघणाऱ्यालाही चित्र बरं दिसायला लागलं.

शेवटी एक तक्रार, जी टीव्हीवर हमखास होते आणि ज्यात त्याचा बिचाऱ्याचा दोष नसतो. "एवढा मोठा टीव्ही आणला, पण चित्र फाटतंय!" मुंबई दूरदर्शन २ ऑक्टोबर १९७२ ला सुरू झालं, तेव्हा चित्र ६२५ रेषांचं होतं. त्यातल्या डोळ्यांना दिसणाऱ्या ५७६. साध्या, म्हणजे एचडी नसलेल्या वाहिन्या आजही त्याच मापानं चालतात: आडवे ७२० ठिपके, उभे ५७६. गुणाकार ४ लाख १४ हजार ७२०. आणि फोर-के टीव्हीत ठिपके किती? ३८४० गुणिले २१६०, म्हणजे ८२ लाख ९४ हजार ४००. भागाकार करा. बरोबर वीस! वाहिनीनं एक ठिपका पाठवला, टीव्हीला वीस रंगवायचेत. एकोणीस तो अंदाजानंच भरणार. मग दुरून डोंगर साजरे, दोन पावलं मागं सरका, चित्र सुधारतं. त्यात कुणीतरी चौकोनी जुना सिनेमा ओढून लांबट पडद्यावर भरलेला असतो आणि नायक अख्ख्या सिनेमाभर जाडजूड दिसतो. ते मात्र रिमोटनं लगेच दुरुस्त होतं. पडद्यावरचं गाडीचं चाक गोल दिसेपर्यंत ‘पिक्चर साइझ’ बदलत राहा.

तेव्हा घरात नवीन टीव्हीचं बोलणं निघालं की गुपचूप एक पेनड्राइव्ह भरायला घ्या. त्यात काजवे, काळवीट, रांजणखळगे, कांद्याचं ताट, कळसूबाईचं आकाश. शिवाय नुसती काळी, पांढरी, लाल, हिरवी, निळी अशी पाच पानं, म्हणजे एखादा ठिपका मेलेला असेल तर सापडेल. दुकानात गेल्यावर तीनच गोष्टी मागा: स्टोअर मोड बंद करा, ‘सिनेमा’ मोड लावा, आणि शक्य असेल तर वरचे दिवे मिनिटभर घालवा. दुकानदारकाका आधी जरा कुरकुरतील. पण काळ्या पडद्यावर काजवे लागले की ते स्वतःच शेजारच्या टीव्हीवर तीच चित्रफीत लावून बघतील, आणि मग त्या माणसाला दुकान बंद करायची वेळ झाल्याचंही भान राहणार नाही.